सरांचं चलयुद्ध

खोली बघायला गेलो तेव्हा सरांनी मला नाव, गाव, पगार, खाणंपिणं यातलं काहीच विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाले, "कपाट आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"कॉट?"

"गादी आहे. गुंडाळता येते."

"वा! हलकं सैन्य," ते म्हणाले आणि आत वळून ओरडले, "अगं, चहा टाक. माणूस चालेल."

अशा रीतीने मी सरांचा भाडेकरू झालो. तेव्हा मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया विकणाऱ्या एका पेढीत कामाला होतो आणि पनवेलच्या जुन्या भागात खोली शोधत होतो. सरांचं घर बसकं, एकमजली. खाली ते आणि काकू, वर गच्चीला लागून माझी खोली. सरांनी पुण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं सैनिकी इतिहास शिकवला होता. स्वतः सैन्यात कधी नव्हते. तरुणपणी भरतीला गेले होते, पण छाती दोन बोटं कमी भरली. "त्या दोन बोटांनी देशाचं काय नुकसान केलं ते देशाला कळलंच नाही," असं ते म्हणत. काकू आतून म्हणत, "देश वाचला."

सरांचा जीव एकाच विषयावर होता, चलयुद्ध. म्हणजे खंदक खणून एका जागी लढत न बसता सतत हलत राहायचं. समोरचा तयारीत असेल तिथून बाजूला व्हायचं, तो गाफील असेल तिथे फटका मारायचा आणि तो वळेपर्यंत निघून जायचं. "जमीन गेली तर परत घेता येते," सर बोट वर करून सांगत, "माणसं गेली की संपलं. शत्रूला आपण जिथे हवे असतो तिथे नसणं, एवढंच युद्ध आहे."

हे त्यांनी पुस्तकात ठेवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण सरांनी ते घरात आणलं होतं. दर पंधरा दिवसांनी घरातलं सामान जागा बदलायचं. मी भाडं द्यायला खाली गेलो की आधी सोफा शोधावा लागे. एकदा फ्रिज बाहेरच्या खोलीत आणि टीव्ही स्वयंपाकघरात होता. एकदा जेवणाचं टेबल गच्चीच्या जिन्याखाली होतं आणि सर वाकून जेवत होते. "माणूस एका जागी बसला की त्याची बुद्धीही बसते," ते घास गिळत म्हणाले. काकूंनी चाळीस वर्षांत फक्त दोन गोष्टी हलू दिल्या नव्हत्या, देवघर आणि गॅस. "गॅसला हात लावाल तर उपाशी राहाल," असं त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. ते एक ठाणं सरांना कधीच उठवता आलं नाही.

बाहेरही तेच. सर बाजारात एका रस्त्याने जात आणि दुसऱ्याने येत. ओळखीचा कुणी लांबलचक बोलणारा दिसला की पलीकडच्या दुकानात शिरून मागच्या दाराने निघून जात. त्या दुकानांना मागचं दार आहे हे कित्येकदा दुकानदारालाही सरांमुळे कळलं.

एकदा कळंबोलीतल्या एका हॉलमध्ये काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. मलाही नेलं. जेवणाला ही रांग! ताटांच्या ढिगापासून दारापर्यंत लोक उभे. मी मुकाट्याने रांगेत शिरणार, तोच सरांनी माझा दंड धरला. "आघाडीवर डोकं आपटायचं नाही. बाजूने या." आणि आम्हाला घेऊन ते टेबलांच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे जिलबी होती आणि माणूस एकही नव्हता. जिलबी, मग भात, मग भाजी, पुरी असे आम्ही उलटे सरकत आलो आणि कोशिंबिरीवर जेवण संपवलं. रांगेतले लोक अजून वाटीला हात घालत होते. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चार माणसांत कुणी भाताच्या आधी जिलबी खातं का?" सर म्हणाले, "जिंकलेली माणसं खातात."

पण अहेराच्या रांगेला दुसरं टोक नव्हतं. तेव्हा सर स्टेजच्या मागून शिरले आणि फोटोग्राफरने बटण दाबलं त्याच क्षणी पडद्यातून नवरानवरीच्या मधोमध प्रकट झाले. तो फोटो भाच्याच्या घरात अजून भिंतीवर आहे. दुसरा चांगला आलाच नाही.

आता बायजाबायचं सांगतो, कारण सर खरे मला कळले ते तिच्यामुळे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी तीन बायका मासळी घेऊन बसायच्या. बायजाबाय, तिची जाऊ आणि सून लता. कोन गावाच्याही पुढच्या एका खेड्यातून यायच्या. बायजाबाय साठीची, आवाज खणखणीत, एक गुडघा दुखरा. तिच्या आधी तिथे तिची सासू बसायची. सर मासे खात नसत, घरात आणूही देत नसत, पण सकाळी फिरून येताना वाऱ्याची दिशा बघून तिच्यापासून चार हात लांब उभे राहत आणि चौकशी करत. ती हसून म्हणायची, "सर, जवळ या की. मेलेला हाय, चावत नाय."

मग समोर बारा मजल्यांची इमारत उभी राहिली. नवे लोक राहायला आले. महिन्याभरात त्यांच्या सेक्रेटरींनी वासाची तक्रार केली. हे गृहस्थ कानात कायम फोनचं बोंडुक घालून फिरायचे, त्यामुळे ते आपल्याशी बोलतायत की हवेशी, ते कळायचं नाही. तक्रारीनंतर एका सकाळी अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी आली आणि तिघींच्या पाट्या, तराजू, बर्फासकट सगळा माल उचलून गेली. आपापलं काम म्हणून आले, करून गेले. मी ऑफिसला निघालो होतो. बायजाबाय रिकाम्या जागेवर तशीच बसून होती. समोर ओला चौकोन तेवढा राहिला होता.

"उद्या काय करणार?" मी विचारलं.

"उद्या बी येनार. जानार कुठं? दुसरं काय येतंय मना?"

सर माझ्या मागे उभे होते. पहिल्यांदाच ते वाऱ्याची दिशा न बघता तिच्या अगदी जवळ गेले. म्हणाले, "बायजाबाय, चारला घरी या. तिघीही."

चार वाजता ओसरीवर युद्धसभा भरली. शनिवार होता, मी अर्ध्या दिवसाने परत आलो होतो. सरांनी काकूंची रांगोळी घेऊन फरशीवर सगळा परिसर काढला होता. गल्लीचं तोंड, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागची मोकळी जागा आणि तळ्याकाठचा कट्टा, अशा तीन ठिकाणी हळदीचे ठिपके.

"तुमची चूक एकच," सर म्हणाले. "तुम्ही जागा धरून बसता. गाडीला पत्ता माहीत आहे. आता तुम्ही इथे बसायचं. गाडी निघाल्याची खबर आली की इथे. तिथे आली की तिथे."

बायजाबायने ठिपके नीट बघितले. "म्हंजे पळायचं."

"पळायचं नाही. हालचाल करायची."

"पाटी डोक्यावर घेऊन?"

"होय."

"लवकर लवकर?"

"अतिशय लवकर."

"मंग ते पळनंच की, सर."

काकूंनी पदराआड हसू दाबलं आणि चहा आणला. पण बायजाबाय तयार झाली, दुसरा काही उपायही नव्हता. टेहळणीचं काम माझ्याकडे आलं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी बाइक घेऊन टपाल नाक्याशी उभा राहायचो आणि गाडी दिसली की व्हॉट्सॲप ग्रुपवर खबर द्यायचो. कुणाला संशय येऊ नये म्हणून सरांनी ग्रुपचं नाव 'सकाळचा सत्संग' ठेवलं होतं. खबरही सांकेतिक. गाडी निघाली की लिहायचं, 'कोथिंबीर महागली.'

पहिला आठवडा अद्भुत गेला. गाडी गल्लीत आली की बायका गिरणीमागे. गाडी गिरणीकडे वळली की बायका तळ्यावर. सर रोज रात्रीच्या जेवणाआधी मला रांगोळीवर आदल्या चढाईचं रसग्रहण करून दाखवत. त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं.

मग काकूंनी घोळ केला. त्याही ग्रुपवर होत्या. एका सकाळी बाजारातून आल्या आणि सहज मनातलं लिहून गेल्या, 'कोथिंबीर महागली हो फार.' लता त्या वेळी एका गिऱ्हाइकाला सुरमई कापून देत होती. तिने कोयता, पाटी आणि सुरमईचं डोकं उचललं आणि पळाली. गिऱ्हाईक शेपटीकडचा अर्धा भाग हातात धरून गल्लीत उभं. सर काकूंना म्हणाले, "तू आपल्याच सैन्यावर गोळीबार केलास." काकू म्हणाल्या, "मग खरीच महागली तर मी लिहू काय?" दुसऱ्या दिवसापासून 'मुळा किडका निघाला' असं ठरलं.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती बायजाबायनेच सांगितली. "सर, गाडीला आमी गावत नाय, हे खरं. पन गिऱ्हाइकाला बी गावत नाय. काल अर्धा माल परत नेला."

सरांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायजाबाय स्वतः आली आणि फोन पुढे करत म्हणाली, "मी काय केलं बघा." तिने लताकडून आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ग्रुपवर घेतलं होतं. आज आम्ही कुठे आहोत ते ग्रुपवर कळणार, लोक तिथे येणार. आठवड्यात सत्संगाला साठ माणसं झाली. सर खुळ्यासारखे आनंदले. "तीस वर्षं शिकवलं, पण हे मला सुचलं नाही! सैन्य हलतं आणि त्याच्याबरोबर बाजारही हलतो!" त्यातून समोरच्या नव्या इमारतीतल्या सात बायका ग्रुपवर आल्या तेव्हा तर त्यांनी टाळीच वाजवली. सातांत एक खुद्द सेक्रेटरींची पत्नी होती. 'दोन पापलेट, साफ करून,' असा तिचा सत्संगात नियमित संदेश असे.

"शत्रूच्या गोटातून रसद!" सर म्हणाले.

रसदेबरोबर बातमीही येते-जाते, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. सेक्रेटरींनी एकदा बायकोचा फोन कशाला तरी घेतला, सत्संग वाचला आणि त्यांना भलतंच ज्ञान झालं.

पुढच्या रविवारी मी टपाल नाक्यावर उभाच राहिलो. गाडी तिथून गेलीच नाही. ती तळ्याच्या बाजूने आली, आणि गल्लीच्या तोंडाशी पथकातली दोन माणसं आधीच येऊन थांबली होती. बायका गिरणीमागे. रविवार म्हणून पाट्या भरलेल्या. दोन्ही रस्ते बंद. गिरणीची भिंत आणि शेजारचं कुंपण यांच्यामधून एक बोळ होता, एका वेळी एकच माणूस आडवा होऊन जाईल इतका.

पुढचं मी काही पाहिलं, काही लताकडून ऐकलं. सर तिथेच होते. गाडीचा आवाज ऐकून ते म्हणाले, "बोळातून निघा." जाऊ आणि लता पाट्या घेऊन शिरल्या. बायजाबायला गुडघ्यामुळे पटकन उठता येईना. सरांनी तिला हात देऊन उठवलं. ती म्हणाली, "माझी पाटी?" सर म्हणाले, "तुम्ही चला. पाटी मी बघतो." ती भिंतीला धरून धरून बोळात शिरली. पलीकडे पोचायला तिला बराच वेळ लागणार होता. आणि सर, पांढराशुभ्र लेंगा आणि झब्बा घातलेले, बोळाच्या तोंडाशी तिच्या पाटावर मांडी घालून बसले. समोर मासळीची पाटी, उजव्या हाताला कोयता.

मी बाइक टाकून पोचलो तेव्हा पथकाचे साहेब त्यांच्यासमोर उभे होते. साधा, दमलेला माणूस.

"काका, बाजूला व्हा. आम्हाला पलीकडे जायचंय."

"रस्ता तळ्याकडून आहे," सर म्हणाले.

"बायका कुठे गेल्या?"

"कुठल्या बायका?"

"ही पाटी कुणाची?"

"माझी."

"तुम्ही मासे विकता?"

"आजपासून."

साहेबांनी वाकून एक मासा दाखवला. "हा कुठला?"

सरांनी चष्मा सारखा करून पाहिला. "मोठा आहे."

"आणि हा?"

"त्याच्याहून लहान."

पथकातली माणसं तोंड फिरवून हसायला लागली. साहेबांनाही हसू आवरेना. "भाव काय लावलाय?"

"बोलून ठरवू," सर म्हणाले.

एव्हाना गर्दी जमली होती. सेक्रेटरी आले. "हेच ते! हेच यांचे मुख्य!" ते ओरडले. तेवढ्यात गर्दीतून त्यांची पत्नी पुढे आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ग्रुपवर 'गिरणीमागे' वाचून ती स्टीलचा डबा घेऊन आली होती. "अहो, माझी दोन पापलेटं?" तिने सरांना विचारलं.

सेक्रेटरींनी कानातलं बोंडुक काढून खिशात घातलं. सर मात्र प्रसंगाला साजेसे वागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मासळीला हात लावला. डोळे बारीक करून पाटीतला एक काळपट चपटा मासा शेपटीला धरून उचलला आणि डब्यात सोडला.

"हे पापलेट नाही," ती म्हणाली. "हलवा."

"हलवा काय!" सर ताठ झाले. "कुणीही या, मी हलणार नाही!"

"अहो, माशाचं नाव हलवा आहे!"

लोक अक्षरशः खाली बसून हसले. पण सर हसले नाहीत, आणि हललेही नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी पाटीची कड घट्ट धरून ठेवली होती. मला ते दिसलं, कारण मी अगदी शेजारी होतो. त्यांना उचलून गाडीत घालावं की काय, यावर पथकाची चर्चा झाली. सत्तरी उलटलेल्या माणसाला हात लावायला कुणी धजेना. पाऊण तास असा गेला. मग माझ्या फोनवर लताचा संदेश आला, 'सत्संग संपला.' तिघी मुख्य रस्त्यावर पोचून रिक्षात बसल्या होत्या. मी सरांच्या कानात सांगितलं. ते लगेच उठले, पाटी साहेबांपुढे सरकवली आणि म्हणाले, "घ्या. आता तुमची."

साहेबांनी दंडाची पावती फाडली. नावापुढे सरांचं पूर्ण नाव, व्यवसायापुढे 'मासळी विक्री'. सरांनी ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली.

घरी काकूंनी त्यांना अंगणातच थांबवून दोनदा आंघोळ घातली. तोंडाने बोलत होत्या, "या वयात ही अवदसा! मासे विकायला बसले!" पण गरम पाणी त्या स्वतः उचलून आणत होत्या, मला हात लावू देत नव्हत्या.

ओसरीवर चहा घेताना मी विचारलं, "सर, तुम्ही तर म्हणता जागा धरायची नाही."

सरांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "सैन्य निघतं ना, तेव्हा कुणीतरी मागे थांबावं लागतं. बाकीच्यांना अंतर मिळावं म्हणून. त्याला पिछाडी म्हणतात. पुस्तकात तिच्यावर एकच ओळ असते. मी वर्गात ती ओळ भरकन वाचून पुढे जायचो. वाटायचं, यात काय शिकवायचं?" त्यांनी कप खाली ठेवला. "फार भीती वाटते हो तिथे बसून."

त्यानंतरचं थोडक्यात. नव्या इमारतीत म्हणे सेक्रेटरींच्या घरी आठ दिवस फक्त वरणभात शिजला. मग सोसायटीची सभा झाली आणि सभेत बायका बोलल्या. मागच्या गेटशी, वॉचमनच्या केबिनला लागून, कुंपणाच्या आतली जागा तिघींना मिळाली. आठवड्यातून तीन सकाळी, सात ते नऊ, जाताना जागा धुऊन द्यायची. बायजाबाय पेढे घेऊन आली. सरांनी पेढा घेतला, पण कुरकुरले, "शेवटी किल्ल्यात शिरलात. आता अडकाल."

"अडकू दे," ती म्हणाली. "मना गुडघा हाय, घोडा नाय."

तरी सर तिथे नेमाने जायचे. केबिनच्या सावलीत स्टुलावर बसून मासे ओळखायला शिकले. पुढे पुढे त्यांना बोंबील, मांदेली, रावस, घोळ सगळं कळायला लागलं. खाल्ला मात्र शेवटपर्यंत एकही नाही.

मग माझी बदली झाली, मी पनवेल सोडलं. दोन वर्षांपूर्वी सर गेल्याचं काकूंनी कळवलं. शोकसभेला गेलो. लहानसा हॉल, तीसेक माणसं. पुण्याहून आलेले तीन प्राध्यापक बोलले. सरांचा व्यासंग, सरांचे लेख, चलयुद्धाची त्यांची मांडणी. तिघांनाही सरांबद्दल आदर होता, पण तिघांचंही भाषण मला कुणा परक्या माणसाबद्दल वाटत राहिलं. शेवटी निवेदकांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का.

मागच्या रांगेतून बायजाबाय उठली. लताने तिला धरून पुढे आणलं. निवेदकांना तिची ओळख नव्हती. माइक तिच्यापुढे धरत त्यांनी अदबीनं विचारलं, "आपला आणि सरांचा परिचय कसा?"

"आमी एकाच धंद्यातले," बायजाबाय म्हणाली.

निवेदक गोंधळले. पहिल्या रांगेत काकूंनी डोळ्यांना पदर लावला, आणि त्या हसत होत्या.

"सर एकच दिस बसले," बायजाबाय पुढे म्हणाली, "भाव बी सांगता आला नाय. पन मी पलीकडं पोचेस्तवर पाटीवरनं उठले नाय."

मग तिने माइक परत दिला आणि भिंतीला धरून आपल्या जागेवर जाऊन बसली.